हिंमतराव शेतात उतरले तेव्हा

विंग कमांडर गोपाळकृष्ण दामले यांना हवाई दलातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, की कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ते बँकेतून रिटायर झालेत असं वाटायचं. अंगकाठी किरकोळ, मिशी नाही, आवाज बारीक. कुणी नवीन भाडेकरू लिफ्टमध्ये कौतुकाने विचारायचा, "काका, तुम्ही फायटर चालवायचात?"

"नाही. हेलिकॉप्टर. हवेतला टेम्पो समजा," असं म्हणून ते आपल्या मजल्याचं बटण दाबायचे. विषय संपला.

पण एकाहत्तरच्या लढाईतली एक गोष्ट मात्र ते आवडीने सांगत. साठीशांतीला, बारशाला, दिवाळीच्या फराळाला; चार माणसं जमली आणि कुणी आग्रह केला की सुरू. त्यांच्या बायकोला, श्यामलाबाईंना, ती गोष्ट पाठ होती. कुठे गोपाळराव थांबणार, कुठे चष्मा काढणार, सगळं त्यांना ठाऊक. "आता लुंगी येईल," असं त्या शेजारच्या बाईंच्या कानात सांगत आणि लुंगी यायची. लोक पोट धरून हसायचे. ज्यांची ती लुंगी, ते हिंमतराव थोपटे हजर असले तर तेही हसत.

हिंमतराव मूळचे भोरकडचे. लढाईत ते गोपाळरावांचे को-पायलट होते, म्हणजे शेजारच्या खुर्चीतले. निवृत्तीनंतर त्यांनी धायरीला घर बांधलं. तिथे आजूबाजूला तेव्हा शेतं होती, आता टॉवर आहेत. साहेबांपुढे अस्खलित इंग्रजी बोलणारा हा माणूस गोपाळरावांशी मात्र गावाकडचंच बोलायचा.

या हिवाळ्यात सोसायटीतल्या नम्रता गोगटे गोपाळरावांकडे आल्या. त्या जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. कॉलेजने भंगारात निघालेलं एक जुनं हेलिकॉप्टर मिळवून, रंगरंगोटी करून आवारात उभं केलं होतं. मुलांशी बोलायला कुणीतरी हवं होतं.

"कुठलं हेलिकॉप्टर?" गोपाळरावांनी विचारलं.

"एमआय-फोर. रशियन आहे. तुम्ही पाहिलंय का कधी?"

गोपाळराव म्हणाले, "लांबून."

श्यामलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, नीट सांगा की तिला. नम्रता, हे आयुष्यभर तेच चालवत होते."

नम्रता गेल्यावर गोपाळरावांनी लगेच धायरीला फोन लावला.

"हिंमत, आपली म्हातारी पुण्यात आलीय."

"कोण म्हातारी?"

"एमआय-फोर."

"चालती हाय का?"

"तुझे गुडघे चालतात तेवढी."

"मग येतो. तिघं एकमेकांना धरून उभं ऱ्हाऊ."

शनिवारी सकाळी कॉलेजच्या आवारात ते दोघं आणि श्यामलाबाई पोचले तेव्हा मुलं अजून जमत होती. हेलिकॉप्टर आंब्याच्या झाडाशेजारी उभं होतं. फुगलेलं नाक, त्यात इंजिन. इंजिनाच्या वर, माडीवर बसावं तसं पायलटचं काचेचं दालन. मागे जवानांसाठी केबिन. गोपाळराव जवळ गेले आणि त्यांनी नाकावर तळहात ठेवला. मग हात हुंगला. नुसता नवा रंग. तेलाचा, पेट्रोलचा, ओल्या ताडपत्रीचा तो वास कुठेच नव्हता.

"तेल गळत न्हाय," हिंमतराव म्हणाले. "ही आपली नव्हंच."

पायलटच्या जागेपर्यंत जायला कॉलेजने लोखंडी जिना लावला होता. "अहो, वर जायचं नाही हं," श्यामलाबाई म्हणेपर्यंत गोपाळराव अर्ध्या जिन्यावर होते. डावीकडच्या खुर्चीत ते बसले आणि त्यांचे हात आपोआप जागच्या जागी गेले. एक पुढच्या दांड्यावर, एक डावीकडच्या. पाय पेडलवर. निम्मी घड्याळं काढून नेलेली होती, तिथे नुसती गोल भोकं होती. तरी ज्या जागी जे घड्याळ असायला हवं तिथेच त्यांची नजर जात होती.

लढाईत त्यांचा तळ आगरतळ्याला होता. तिथल्या सकाळी त्यांना आठवल्या. तंबूतून बाहेर आलं की धुक्यात स्वतःचे बूट दिसायचे नाहीत. इनॅमलच्या मगातला चहा, तो प्यायच्या आत गार व्हायचा. त्यांचा मल्याळी सार्जंट जुन्या वर्तमानपत्राने काचा पुसत काहीतरी गुणगुणत असायचा. मग इंजिन सुरू करायचं. आधी नुसते ठसके, निळा धूर, एखादा मोठा बार, आणि मग ते असं पेटायचं की दाढा वाजायला लागायच्या. पात्यांनी वेग घेतला की सबंध यंत्र अधीर बैलासारखं जागेवरच हलायचं. आणि वर गेल्यावर खाली ते पाणीच पाणी. नद्या, त्यांचे फाटे, खाजणं, तळी. सकाळच्या उन्हात सगळं एकदम चमकायचं. खाली लढाई चाललेली असायची, पण वरून बघताना क्षणभर तरी वाटायचं, केवढा सुंदर मुलूख आहे हा! पंचविशीतलं वय. भीती वाटायची, पण आपण मरू असं काही वाटायचं नाही.

"उतरताय का?" खालून श्यामलाबाईंचा आवाज आला. "मुलं आलीत."

मुलं गवतावर बसली होती. गोपाळरावांना माइक दिला. त्यांनी आधी यंत्राची माहिती सांगितली आणि मग, अर्थात, ती गोष्ट.

डिसेंबरातली संध्याकाळ. मेघना नदीच्या अलीकडे एका खेड्याजवळ भाताच्या कापलेल्या शेतात त्यांनी हेलिकॉप्टर उतरवलं होतं. जखमी जवानांना आगरतळ्याच्या इस्पितळात न्यायचं होतं. केबिन गच्च भरली. तेवढ्यात गावातली माणसं एका बाईला दाराच्या फळीवर घालून धावत आली. बाळंतपण अडलं होतं. पलटणीच्या डॉक्टरने तिला तपासलं आणि गोपाळरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "ऑपरेशन झालं नाही तर दोघंही जातील. इथं माझ्याकडे काही नाही."

"घेतलं तिला," गोपाळराव मुलांना सांगत होते. "पण यंत्र उचलेना. शेताला चारी बाजूंनी बांध, पलीकडे सुपारीची झाडं. पळत जाऊन उडायला जागा नाही, सरळ वरच जायला हवं. हातभर उचललं की परत खाली बसायचं. मग आम्ही हत्यारांची पेटी टाकली. बाकं उखडून टाकली. तरी नाही. केबिनमध्ये एक जवान होता, त्याचं पाऊल गेलेलं. तो म्हणाला, 'साब, मैं उतर जाता हूँ.' मी मागे वळून त्याला गप्प करतोय, तोवर हिंमतने पट्टे सोडले होते. म्हणाला, 'गोपाळ, पैलवान मी हाय. वजन माझंच जास्त.' आणि उतरला!"

मग ते एकट्याने यंत्र चालवत, मांडीवर नकाशा ठेवून, खालच्या रेल्वेच्या रुळांचा माग काढत अंधार पडता पडता आगरतळ्याला पोचले. बाई वाचली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी हिंमतरावांना आणायला गेले तर धुकं असं, की दोनदा जाऊनही शेत सापडलं नाही. नुसतंच वर घिरट्या घालून परत. "तेवढं पेट्रोल फुकट गेलं. लढाईत माझ्याकडून झालेली उधळपट्टी तेवढीच," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटलं.

"आणि बघतो तर काय! शेताच्या बांधावर आमचा फ्लाइंग ऑफिसर थोपटे उभा. अंगात बनियन, कमरेला चौकड्यांची लुंगी, हातात शहाळं. मला वाटलं, ह्याने तिकडेच संसार मांडला! मी इतका हसलो, इतका हसलो, की उतरवताना यंत्र बांधावर आदळता आदळता राहिलं."

मुलं खळखळून हसली. मागे खुर्चीत बसलेले हिंमतरावही मान हलवत हसले.

पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. स्पृहा तिचं नाव, शेवटच्या वर्षाची. "सर, मला थोपटे सरांना विचारायचंय. म्हणजे, दामले सर परत येईपर्यंत तुम्ही तिथे एकटेच होता ना? मग त्या दोन दिवसांत काय झालं?"

गोपाळरावांच्या लक्षात आलं, की हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. त्यांनीही नाही.

हिंमतरावांनी माइक घेतला. तो उगाच या हातातून त्या हातात केला. "काही विशेष नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हेलिकॉप्टरकडे पाहिलं. "खरं तर होतं. सांगतो. आता सांगायला हरकत नाही."

ते सावकाश, शुद्ध बोलू लागले.

"त्याच रात्री पलटण नदीपार गेली. डॉक्टर मला चल म्हणाला. मी गेलो नाही. गोपाळ सकाळी याच शेतात येणार. मी नसलो तर तो शोधत बसेल. त्या बाईचा नवरा होता, नूरुल. विणकर होता. त्याने मला घरी नेलं. घरात तो आणि त्याची आई.

"पहाटे धुक्यात शत्रूचे काही सैनिक गावात शिरले. पलटणीपासून तुटलेले, उपाशी, भेदरलेले. त्यांनी हेलिकॉप्टर उतरताना ऐकलं होतं आणि एकजण मागे राहिल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. मागे राहिलेला माणूस कुठे आहे, असं विचारत ते घराघरांत फिरू लागले. म्हातारीने माझे कपडे कणगीत तांदळाखाली पुरले. मला मुलाची लुंगी दिली, गोधडीखाली झोपवलं, आणि दारात येऊन सांगितलं, आत माझ्या भाच्याला कॉलरा झालाय. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबले. पण नूरुलला त्यांनी अंगणात ओढलं."

मागच्या रांगेतली मुलं पुढे सरकून बसली.

"बंदुकीच्या दस्त्याने मारत होते. मला सगळं ऐकू येत होतं. तो एकच बोलत होता, गेला, नदीपार गेला. माझ्याजवळ पिस्तूल होतं. मी उठायला लागलो. तर ती म्हातारी माझ्या हातावर बसली. एवढीशी बाई. मी पैलवान माणूस, पण मला उठता येईना. बाहेर तिचा मुलगा मार खात होता, आणि ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. नको. मी बाहेर गेलो असतो तर सगळं गाव गेलं असतं. ते तिला कळत होतं, मला नाही."

नम्रताने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"मग वरून आवाज आला. हिचा." त्यांनी हेलिकॉप्टरकडे बोट केलं. "धुक्यात काही दिसत नव्हतं, पण आवाज अगदी डोक्यावर. फिरतोय, फिरतोय. त्या सैनिकांना वाटलं, पलटण उतरतेय. नूरुलला तसाच टाकून ते पळाले. दुपारी पुन्हा आवाज आला, तेव्हा ते नदीकाठच्या झाडीत होते म्हणतात, तिथूनही गेले. ते पेट्रोल फुकट गेलं नाही, गोपाळ."

गोपाळरावांनी चष्मा काढला होता. आज तो हसवण्यासाठी काढला नव्हता.

"नूरुलचा जबडा मोडला होता, हात मोडला होता. तिसऱ्या दिवशी मी बांधावर उभा राहिलो तो लुंगीतच, कारण माझे कपडे काढायला म्हातारीला पुन्हा ती कणगी उपसावी लागली असती. शहाळं तिने दिलं होतं, नूरुलला वाटेत पाजायला. त्याला चावता येत नव्हतं."

तेव्हा गोपाळरावांना तो माणूस आठवला. तोंडाला फडकं बांधलेला, हाडकुळा, हिंमतने जवळजवळ उचलूनच केबिनमध्ये चढवलेला. आपण वरून ओरडलो होतो, "आता हा कोण आणखी?" आणि हिंमत म्हणाला होता, "हलका हाय. घे." बस, एवढंच. परतीच्या वाटेवर सबंध वेळ आपण लुंगीवरून चेष्टा करत होतो आणि शेजारी तो हसत होता.

"त्याला भेटली का त्याची बायको?" स्पृहाने विचारलं.

"भेटली. त्याच इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चांगल्या हातावर मुलीला घेऊन बसला होता. बोलता येत नव्हतं. मला बघून त्याने ती माझ्याकडे दिली." हिंमतराव जरा हसले. "मला लहान पोर धरता येत नव्हतं तेव्हा. रडायला लागली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण उशिरा आणि हळू.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. गोपाळराव चहाला थांबले नाहीत. ते आंब्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. हिंमतराव काठी टेकत त्यांच्यामागे गेले.

"चिडलास व्हय?"

"चिडू नको तर काय करू? पन्नासहून जास्त वर्षं झाली. मला, मला नाही सांगितलंस? मी मूर्खासारखा लुंगी लुंगी करत फिरतोय गावभर!"

"आरं, ऐक तर."

"काय ऐकायचं आता?"

"तवा लढाई चालू व्हती," हिंमतराव म्हणाले. "तू मला आणलंस त्याच दुपारी आपन पुन्हा उडालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुला सांगितलं असतं तर त्यानंतर जादाचं एक माणूस तरी घेतलं असतंस का तू? केबिन भरली की दार लावून निघाला असतास. मला खाली उतरवायची वेळ येऊ नये म्हणून. त्या पंधरवड्यात किती जणांना कोंबून आणलं आपन, आठवतंय?"

गोपाळरावांना आठवत होतं.

"बरं, आणि लढाई संपल्यावर?"

"लढाई संपली आन् मेसमधी तू पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीस. सगळी पोरं हसली. किती दिवसांनी हसली व्हती ती. मलाबी बरं वाटलं. माझ्या डोक्यात त्या दोन दिवसांचं जे व्हतं ना, त्यापेक्षा तुझी गोष्ट चांगली व्हती. मग मी तीच धरून ठेवली." त्यांनी गोपाळरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांगायचास म्हणून मला झोप लागायची, गोपाळ. खरं सांगतो."

गोपाळराव मित्राचा हात धरून उभे राहिले. श्यामलाबाई शोधत आल्या. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आज जेवूनच जायचं. भरली वांगी केलीयत. आणि अहो, तुम्ही चष्मा घाला, ठेच लागून पडाल."

जेवताना कुणी लढाईचं काढलं नाही. धायरीच्या पाण्याचे टँकर, सिंहगड रस्त्यावरची वाहनांची कोंडी, हिंमतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की करू नये, असं सगळं झालं. हात धुताना मात्र गोपाळरावांनी विचारलं, "त्या म्हातारीचं नाव काय होतं?"

"म्हाईत न्हाय. मी आईच म्हणायचो."

"नंतर काही कळलं त्यांचं?"

"न्हाय. दोन महिन्यांनी आपली बदली झाली. ती पोरगी आता पन्नाशी ओलांडून गेली असंल. नातवंडं असतील तिला."

तेव्हापासून गोपाळरावांचं धायरीला जाणं वाढलं. पूर्वी महिन्यातून एकदा फोन व्हायचा. आता ते दर रविवारी रिक्षा करून जातात. हिंमतरावांची सून भाग्यश्री दोघांना गच्चीत खुर्च्या टाकून देते आणि चहाचा थर्मास ठेवून खाली जाते. "आजोबा लोकांची शाळा भरलीय," असं ती शेजारणीला सांगते.

गोपाळरावांना आता सांगायचं काही नसतं, विचारायचं असतं. म्हातारीचं घर कसं होतं? माग कुठे होता? त्या धुक्याच्या दिवशी जेवायला काय होतं? हिंमतराव आठवून आठवून सांगतात. घर बांबूचं होतं, चटयांच्या भिंतींचं. माग ओसरीवर, त्यावर अर्धी विणलेली साडी तशीच होती. भात होता आणि बोटाएवढे मासे, आणि नूरुलसाठी भाताची पेज. म्हातारी पेज फुंकून फुंकून चमच्याने पाजायची आणि अधूनमधून हिंमतरावांनाच दटावायची. काय ते कळायचं नाही, पण सूर अगदी भोरच्या आईचाच.

मग सांगता सांगता ते दुसरीकडे जातात. परवाच्या रविवारी असंच त्यांना लढाई संपली तो दिवस आठवला. शस्त्रसंधीची बातमी आली तेव्हा ते दोघं रिकामं हेलिकॉप्टर घेऊन परतत होते.

"तू बातमी ऐकलीस आन् काही बोललाच न्हाईस," हिंमतराव म्हणाले. "नुसतं यंत्र खाली घेतलंस. पार नदीच्या पाण्यावर."

"काही कारण नव्हतं," गोपाळराव म्हणाले. "वाटलं, आता कुणी गोळी मारणार नाही, तर जरा बघू खालून कसं दिसतं."

"पानी उडत व्हतं काचेवर."

"हो. आणि सार्जंटने मागचं दार उघडलं आणि गायला लागला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण त्याचं तोंड हलताना दिसत होतं."

"आन् नावाड्यांनी हात केले."

"त्याआधी आवाज ऐकला की लोक लपायचे," गोपाळराव म्हणाले. "त्या दिवशी पहिल्यांदा सगळे बाहेर आले. काठावर बायका, पोरं, म्हातारे. एक बाई तर हातातलं सूप हलवत होती."

"तांदूळ सांडत व्हते तिचे," हिंमतराव म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता हिंमतरावांना खोकला आला, तशी भाग्यश्री पाणी घेऊन वर आली आणि गच्चीत ऊन आलंय, आत बसा, म्हणून रागावली.

"येतो," गोपाळराव म्हणाले. "एवढं आगरतळ्यापर्यंत पोचू दे."